जपानात कुणी ओरडत नाही, चिठ्ठी येते: नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

टोकियोत बिऱ्हाड मांडून तिसरा आठवडा चालू होता. संध्याकाळी टपालपेटीत एक छापील कागद मिळाला. वर कानांवर हात ठेवलेल्या माणसाचं गोड चित्र, खाली चार ओळी. फोनमधल्या अनुवादकाने सांगितलं ते साधारण असं: ‘सर्व रहिवाशांस. पहाटेच्या वेळी “पीइइ” असा मोठा आवाज येत असल्याचं कळवण्यात आलं आहे. आपण सर्वांनीच आवाजाची काळजी घ्यावी, ही विनंती.’

सर्व रहिवाशांस! त्या इमारतीत सकाळी साडेसहाला कुकरच्या तीन शिट्ट्या होणारं घर आमचं एकच होतं. व्यवस्थापनाला ते माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, आणि मला कळलंय हेही त्यांना कळलं असणार. तरी जिन्यात भेटल्यावर सगळे तसेच हसून वाकत होते. आपल्याकडे वरच्या गॅलरीतून ‘अहो, तो कुकर बंद करा!’ असं एकदा ओरडून विषय संपला असता.

जपानात राहायचं तर आधी हे लक्षात घ्या. चूक तोंडावर कुणी दाखवत नाही. कागद येतो, स्टिकर चिकटतं, बाण रंगवलेला असतो, पाटी लावलेली असते. ती वाचायची सवय लागली की निम्मं काम झालं. मी इथे नऊ वर्षं आहे, एदोगावा वॉर्डात निशी-कासाई स्टेशनजवळ. २००० सालाच्या आसपास संगणकाच्या कामासाठी भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येने आले आणि तोझाई मेट्रो लाइनवरच्या या भागात स्थिरावले. २०१९ साली मूळचे भारतीय असलेले योगेंद्र पुराणिक इथल्याच वॉर्ड सभेवर निवडून आले. त्यामुळे तूरडाळ, पोहे, शेंगदाणे यांची चिंता इथे नाही. चिंता करायची ती बाकीच्या गोष्टींची. त्या ज्या क्रमाने तुमच्यासमोर येतील, त्याच क्रमाने सांगते.

बॅग भरताना

जपानात घरातली वीज १०० व्होल्टची. आपला मिक्सर इथे लावला तर फिरतो, पण कण्हत. ओलं खोबरं चटणी व्हायच्या ऐवजी नुसतं ढवळलं जातं. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घेता येतो, पण मिक्सरचे वॅट पेलतील असा हवा, आणि तो ओट्यावर विटेसारखा जागा अडवून बसतो. मी दोन वर्षं ते सोंग केलं आणि शेवटी इथलाच मिक्सर घेतला. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरना अडचण नाही. त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचं अडॅप्टर लागतं.

कुकर आणा, पण ॲल्युमिनियमचा नको. नव्या घरांत गॅसऐवजी इंडक्शन शेगडी असू शकते आणि त्यावर ॲल्युमिनियम तापतच नाही. स्टीलचा, इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा घ्या. शिट्टीचं काय करायचं ते वर आलंच आहे. आमच्याकडे आता वरण सकाळी आठनंतर होतं.

औषधांच्या बाबतीत चेष्टा नको. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं स्वतःपुरती एक महिन्याची आणि साधी औषधं दोन महिन्यांची चालतात. त्यापेक्षा जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं आपल्याला किरकोळ वाटतात, पण इथे ती थेट कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतात. ती घरीच ठेवा. मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजी फळं, भाज्या, पानं वनस्पती तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत, म्हणजे आईने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेला कढीपत्तासुद्धा.

आणि ऑफिससाठी खाऊ आणणार असाल तर तो सुटा सुटा बांधलेला आणा. पहिल्या वर्षी मी पुण्याहून अर्धा किलो बाकरवडी नेली आणि पाकीट फोडून टेबलावर ठेवलं. दिवसभर येणारा प्रत्येक जण ‘ओइशिसो!’ म्हणजे ‘चविष्ट दिसतंय!’ म्हणून पुढे गेला. एकानेही हात घातला नाही. पुढच्या वेळी दोन-दोन बाकरवड्यांच्या कागदी पुड्या केल्या, वर नाव लिहिलं. दुपारी बारापर्यंत डबा रिकामा.

पहिले चौदा दिवस

नारिता किंवा हानेदा विमानतळावर उतरताच तुमच्या हातात ‘झाइर्यू कार्ड’ पडतं. हे राहण्याचं ओळखपत्र. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाने ते कायम जवळ ठेवायचं असतं, अगदी कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही.

राहायची जागा ठरली की चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत जाऊन पत्ता नोंदवायचा. दुसऱ्या शहरात असाल तर नगरपालिकेच्या कार्यालयाला शियाकुशो म्हणतात. आत गेलं की यंत्रातून नंबर घ्या आणि बसा. पत्ता नोंदला की त्याच खेपेत ‘जूमिन्ह्यो’, म्हणजे रहिवासी दाखल्याच्या एक-दोन प्रती काढून ठेवा. पुढे कुणी ना कुणी मागतंच. काही आठवड्यांनी बारा आकडी ‘माय नंबर’ टपालाने येतो. त्याचं कार्ड जरूर काढा, कारण डिसेंबर २०२४ पासून आरोग्य विम्याची वेगळी नवी कार्डं देणं बंद झालं आणि दवाखान्यात आता मुख्यतः हेच कार्ड चालतं. नोकरीत असाल तर विमा कंपनीमार्फत मिळतो, नसाल तर याच कुयाकुशोत राष्ट्रीय विमा घ्यावा लागतो. तो ऐच्छिक नाही. दवाखान्याचं बिल साधारणपणे ३० टक्के आपण भरायचं, बाकी विमा भरतो.

याच दिवशी एक काम करा जे कुणी सांगत नाही: आपलं नाव काताकाना लिपीत, म्हणजे परक्या नावा-शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, कसं लिहायचं ते एकदाच ठरवा, फोनमध्ये जपून ठेवा, आणि मरेपर्यंत बदलू नका. कुलकर्णी हे ‘कुरुकारुनि’ होतं, पण शेवटची ‘नी’ लांबवून लिहिली की संगणकाच्या लेखी तो दुसरा माणूस. बँकेत एक, कंपनीत दुसरं असं झालं की पगार जमा होत नाही आणि चूक शोधताना पंधरा दिवस जातात. माझ्या नवऱ्याचं आडनाव जोशी. काताकानात ‘जोशि’. जपानीत जोशि म्हणजे मुलगी, स्त्री. ऑफिसच्या बायकांच्या स्वच्छतागृहावरच हा शब्द लिहिलेला होता. पहिल्या दिवशी ओळख करून देताना खोलीत अतिशय सभ्य अशी शांतता पसरली होती, असं तो सांगतो.

बँक आणि फोन ही कोंबडी आणि अंड्याची गोष्ट आहे. बँक फोन नंबर मागते, फोनवाले बँकेचं खातं मागतात. शिवाय देशात सहा महिने पूर्ण होईपर्यंत काही बँका खातं उघडायला तयार होत नाहीत. बऱ्याच जणांचं पहिलं खातं टपाल खात्याच्या यूचो बँकेत निघतं. पगार ज्या बँकेत होतो तिथे कंपनीच्या माणसाला सोबत घेऊन जा. ठसा मारायचा शिक्का, हान्को, आता बऱ्याच ठिकाणी लागत नाही, सही चालते. हौस म्हणून करून घ्या.

घर

घरभाड्याच्या आधी जे पैसे जातात त्याने छातीत धस्स होतं. शिकिकिन म्हणजे अनामत, ती घर सोडताना दुरुस्ती वजा करून परत मिळते. रेइकिन म्हणजे मालकाला कृतज्ञतेपोटी दिलेले पैसे. ते परत मिळत नाहीत. कृतज्ञता कशाबद्दल, तर त्याने घर दिलं याबद्दल! त्यावर दलाली, हमी कंपनीची फी, पहिलं भाडं. टोकियोत दर दोन वर्षांनी करार वाढवताना बहुतेक ठिकाणी पुन्हा एका महिन्याचं भाडं द्यावं लागतं. यातलं बरंच टाळायचं तर ‘यूआर’ची घरं बघा. ही निमसरकारी संस्था रेइकिन, दलाली, नूतनीकरणाची फी काहीही घेत नाही, आणि जामीनदारही मागत नाही. उत्पन्नाचा किंवा बचतीचा पुरावा, नाहीतर किमान एका वर्षाचं भाडं आगाऊ, यातलं एक लागतं. आपली माणसं निशी-कासाईत आणि जवळच्या ओजिमात एवढी का जमली, त्याचं एक कारण या इमारती.

घर रिकामं मिळतं, म्हणजे खरोखरच रिकामं. छताला दिवा नाही, खिडकीला पडदा नाही, बरेचदा शेगडीही नाही. दिवसाउजेडी ताबा घ्या. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस घरी येतो आणि त्या वेळी तुम्ही घरात असावं लागतं, म्हणून त्याची वेळ ताबा घ्यायच्या दिवसाचीच ठरवा. नाहीतर जानेवारीत गार पाण्याने आंघोळ.

दारातून आत येताच जमीन एक पायरी खाली असते, ती गेन्कान. चपला-बूट तिथेच. घरात चप्पल न घालण्याची सवय आपल्याला असतेच, त्यामुळे इथे आपण मुळातच पास. फक्त बूट काढून वळवून, टोकं दाराकडे करून ठेवा.

कचरा

नव्या माणसाची खरी परीक्षा इथे होते, आणि नापास झाल्याचं सगळ्या गल्लीला दिसतं.

कुयाकुशोतून कचऱ्याचं वेळापत्रक मिळतं, इंग्रजीतही असतं. ते फ्रिजवर लावा. मोएरु गोमी म्हणजे जळणारा कचरा: ओला कचरा, मळका कागद. आमच्याकडे तो आठवड्यातून दोनदा. मोएनाइ गोमी म्हणजे न जळणारा: काच, चिनी माती, लहान धातूच्या वस्तू. हा महिन्यातून दोनदा. शिगेन म्हणजे पुन्हा वापरात येणारं. पाण्याच्या बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली विसळून चेपायची. खोकी उलगडून सुतळीने बांधायची. सगळं ठरलेल्या दिवशी सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी आणि कावळ्यांच्या जाळीखाली. इथले कावळे घारीएवढे आहेत. जाळी नीट ओढली नाही तर तुमच्या काल रात्रीच्या जेवणाचं रस्त्यावर प्रदर्शन भरतं.

मी पहिल्या महिन्यात मोडक्या मुठीचा तवा जळणाऱ्या कचऱ्यात टाकला. गाडीने बाकी सगळं नेलं. माझी पिशवी तिथेच, वर स्टिकर: ‘ही पिशवी नेता येत नाही’, आणि कारणासमोर खूण. संध्याकाळी मी घरी येईपर्यंत ती पिशवी जाळीशेजारी शिक्षा झालेल्या मुलासारखी उभी होती. पारदर्शक पिशवीतून तवा लख्ख दिसत होता.

एखादी बाजू ३० सेंटिमीटरच्या वर असलेली वस्तू म्हणजे ‘सोदाई गोमी’. त्यासाठी फोन किंवा ऑनलाइन नोंदणी करायची, कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानातून पैसे भरल्याचं स्टिकर घ्यायचं, ते वस्तूवर चिकटवून दिलेल्या दिवशी बाहेर ठेवायची. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि एसी यांचा कायदाच वेगळा आहे, ते वॉर्ड नेत नाही. पॉवर बँक आणि चार्जिंगच्या बॅटऱ्या साध्या कचऱ्यात कधीही टाकू नका, गाड्या पेटतात.

दिवाळीच्या चकल्यांचं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. तेल गोठवणारी पावडर मिळते. गॅस बंद करून गरम तेलात ती ढवळायची आणि गार होऊ द्यायचं. थोड्या वेळाने तेलाची वडी होते, कढईपासून खरवसासारखी अलगद सुटते आणि मोएरु गोमीत जाते. मला या देशात सर्वात आवडलेली वस्तू हीच असावी.

भाषा: आपण चार पावलं पुढे आहोत

जपानी अवघड आहे ती कांजीमुळे, म्हणजे चिनी चित्राक्षरांमुळे. बोलण्यात मात्र मराठी माणसाला फुकटचा फायदा मिळतो आणि बरेच जण तो घेत नाहीत, कारण इंग्रजीतून शिकतात. इंग्रजी मध्ये आणूच नका. ‘वाताशि वा निहोन नि सुन्दे इमासु’: मी, जपान, मध्ये, राहत, आहे. शब्दामागून शब्द, त्याच क्रमाने. ‘ताबेते मिते कुदासाइ’ म्हणजे ‘खाऊन बघा’. ताबेते खाऊन, मिरु बघणे. खाण्यात बघायचं काय असतं, हे इंग्रजाला समजवावं लागतं, आपल्याला नाही. ‘वासुरेते शिमात्ता’ म्हणजे ‘विसरून गेले’. वाक्याच्या शेवटी ‘ने’ येतं: ‘आत्सुइ देसु ने’, ‘उकडतंय ना!’ अक्षरांचा क्रमही ओळखीचा वाटेल: आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे तो आपल्या वर्णमालेवरून बसला.

यायच्या आधी हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या पाठ करा. रोज अर्धा तास दिला तर महिनाभरात होतं. पुण्यात जपानी शिकवणारे खूप आहेत, जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षाही तिथे देता येते.

एक शब्द मात्र जपून: ‘दाइजोबु’. कोंबिनीत विचारतात, पिशवी हवी का? (२०२० पासून तिचे पैसे पडतात.) तुम्ही ‘दाइजोबु देसु’ म्हणालात तर त्याचा अर्थ ‘नको, चालेल असंच’. मी ‘हो, चालेल’ अशा अर्थाने म्हणत राहिले आणि महिनाभर दूध, अंडी, ब्रेड कवेत घेऊन घरी आले.

‘नाही’ ऐकायला शिका

जपानी माणूस ‘नाही’ म्हणत नाही. तो दातांतून ‘स्स्स’ असा श्वास आत ओढतो. किंवा ‘चोत्तो…’ म्हणजे ‘जरासं…’ म्हणतो आणि वाक्य तिथेच सोडतो. ‘मुझुकाशिइ देसु ने’, अवघड आहे नाही का, हा स्पष्ट नकार. ‘केन्तो शिमासु’, विचार करतो, हाही नकारच. आपल्याकडचं ‘बघू’ आठवा. फरक एवढाच की आपल्याकडे ‘बघू’च्या पुढे आग्रह करता येतो, किंबहुना करायचा असतो. इथे तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला भिंतीशी दाबणं.

उलट आपली ‘हो’ म्हणून मान डोलावायची पद्धत त्यांना ‘नाही’ वाटते. मान वरून खाली हलवा. सुरुवातीला कठपुतळी झाल्यासारखं वाटेल.

जेवण

मांसाहारी असाल तर हा भाग सोडा, मजा करा. शाकाहारी माणसाचा शत्रू मांस नाही, ‘दाशि’ आहे. हा बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. मिसो सूप, उदोन-सोबा या शेवयांचा रस्सा, भाजीची चटणी, सगळ्यात असतो. ‘मांस नको’ म्हटलं तर मांस काढून देतात, दाशि राहते, आणि त्यांच्या मते त्यांनी तुमचं ऐकलं. म्हणून ‘दाशिही नको, मासाही नको’ असं लिहिलेला जपानी कागद खिशात ठेवा. चिठ्ठीचा उपयोग आपणही करावा. ब्रेडमध्ये डुकराची चरबी आणि गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं, वेष्टन फोनने वाचून घ्या. बौद्ध मंदिरांचं ‘शोजिन र्योरि’ हे जेवण मात्र निर्धास्त शाकाहारी असतं, थोडं महाग.

चॉपस्टिक भाताच्या वाटीत उभ्या खोचू नका आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. पहिलं मृताच्या भाताला करतात, दुसरं दहनानंतर अस्थी उचलताना. पिंडाचा भात माहीत असलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. टीप देऊ नका, वेटर पैसे परत करायला रस्त्यावर धावत येईल.

रस्ता, गाडी, सायकल

रेल्वेगाडीत फोनवर बोलायचं नाही, पाठीवरची सॅक पुढे घ्यायची. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीत, १९९५ च्या टोकियो मेट्रोतल्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर खूप काढल्या, त्यामुळे कचरा पिशवीत घालून घरी आणायचा. सायकल घेताना चोरीविरोधी नोंदणी करून घ्या आणि स्टेशनसमोर लावू नका. उचलून नेली की पैसे भरून सोडवावी लागते. पाकीट हरवलं तर कोबानमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत विचारा, बरेचदा नोटांसकट मिळतं. पारदर्शक छत्री मात्र स्टँडवरून जाते ती जाते. तिच्या बाबतीत हा प्रामाणिक देश डोळे मिटून घेतो.

दुसऱ्या वर्षीचा फटका

‘जूमिनझेइ’ हा रहिवासी कर साधारण दहा टक्के, आणि तो आदल्या वर्षीच्या जपानातल्या उत्पन्नावर, जूनपासून कापतात. पहिल्या वर्षी काही कापत नाहीत, म्हणून माणूस हात सैल सोडतो. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये पगार कमी झाल्याचं बघून चूक झाली असं वाटतं. चूक नसते. निवृत्तिवेतनाचे हप्तेही जातात. भारतातल्या कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या कामासाठी पाठवलं असेल तर २०१६ पासून लागू झालेल्या भारत-जपान करारानुसार भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचं प्रमाणपत्र आणून त्यातून सूट मिळते. नाहीतर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून काही रक्कम परत मागता येते.

पाणी आणि भूकंप

एदोगावा वॉर्डाची साधारण ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ साली वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघरी वाटला. त्यावर वॉर्डाच्या जागी लिहिलं होतं: ‘इथे राहून चालणार नाही.’ नऊ वर्षांत मी वाचलेली ही सर्वांत सरळ चिठ्ठी. तुमच्या भागाचा असाच नकाशा कुयाकुशोतून पहिल्याच फेरीत मागून घ्या आणि आसऱ्याची जागा कुठे आहे ती चालत जाऊन बघा.

पिशवी दाराजवळ: पाणी, टॉर्च, पासपोर्टची प्रत, रोख पैसे, रोजची औषधं, आणि भाजलेले पोहे किंवा लाडू, जे पाण्याशिवाय खाता येतं ते. उंच कपाटं भिंतीला आवळा. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि आग ११९. जमीन हलायच्या काही सेकंद आधी सगळे फोन एकदम वाजतात. लगेच टेबलाखाली जा, बाहेर धावू नका.

हलणं थांबल्यावर गॅस लागला नाही तर घाबरू नका. धक्का मोठा असेल तर, शिन्दो या हादऱ्याच्या जपानी मापावर ५ च्या आसपास, मीटर आपोआप बंद होतो. गॅसचा वास येत नाही ना ते बघायचं, सगळी बटणं बंद करायची, मीटरचं बटण दाबायचं, दिवा लुकलुकत असेपर्यंत म्हणजे सुमारे तीन मिनिटं थांबायचं. वास आला तर काहीही न दाबता खिडक्या उघडून कंपनीला फोन. मीटर सहसा घराच्या दाराशेजारच्या लोखंडी दारामागे असतो. ते आजच उघडून बघा. मीटरला दोरीने एक चिठ्ठी बांधलेली असेल, चित्रांसकट.